परळचा मुक्काम

कॅन्सरवरच्या रेडिएशनची एक पाळी काही मिनिटांत आटोपते. मात्र ती आठवड्यातून पाच दिवस, अनेकदा पाच-सहा आठवडे घ्यावी लागते. परभणीहून किंवा पाटण्याहून आलेल्या माणसाला ती मिनिटं सवलतीत मिळतीलही. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र त्याने काढायची कुठे? परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पसरलेल्या पथाऱ्या पाहिल्या की निम्मा आजार मुक्कामाचाच आहे असं वाटू लागतं.

सर दोराबजी टाटा ट्रस्टने 1941 मध्ये हे रुग्णालय उघडलं. भिंतींबाहेर जे उरलं, ते हळूहळू इतरांनी उचललं: दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, 2006 पासून लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची निवासकेंद्रं. सेंट ज्यूडमध्ये आईला स्वयंपाक करता येतो. केमोने तोंडाची चव गेलेलं पोर घरच्या हातचा वरणभात खातं, हाही माझ्या मते उपचारच. उपचार अर्धवट टाकून गावी परतणाऱ्यांत कितीतरी जण औषधाला नव्हे, मुंबईच्या खर्चाला हरलेले असतात.

पण दिलेलं काढूनही घेता येतं. 2021 मध्ये म्हाडाच्या 100 सदनिका टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दिल्या गेल्या. चाव्या शरद पवारांच्या हस्ते सुपूर्द झाल्या. ते स्वतः कॅन्सरमधून गेलेले. परिसरातल्या रहिवाशांनी हरकत घेतली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि मग भोईवाड्यात दुसरी जागा ठरली. तोडगा निघाला, हे बरंच झालं. तरी कॅन्सर संसर्गजन्य नाही हे पाठ असलेल्या शहराला कॅन्सरवाल्यांचा शेजार नको होता. देणगीची पावती घ्यायला आपण तयार, जिना वाटून घ्यायला नाही.

दिलेलं असं काढून घेता येतं, म्हणून मला कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची एक कृती सगळ्या धर्मशाळांइतकीच मोलाची वाटते. 1969 पासून मुंबईत काम करणारी ही संस्था. रुग्णांना औषधं मिळवून देता देता ती औषधाच्या किमतीलाच भिडली. रक्ताच्या एका कॅन्सरवरचं नोव्हार्टिसचं ग्लिव्हेक महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना पडत होतं. तेच औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं, तेव्हा संस्थेने चेन्नईच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. 2006 मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि वाद दिल्लीपर्यंत पोचला. जुन्या रेणूला नवं रूप दिलं म्हणून पेटंट मिळत नाही, त्याचा गुण लक्षणीय वाढलेला दाखवावा लागतो, हे कायद्याचं कलम 3(ड) तिथे निर्णायक ठरलं. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं.

गंमत अशी की दानधर्म समोरची बाजूही करत होती. आम्ही हजारो भारतीय रुग्णांना ग्लिव्हेक फुकट देतो, असं कंपनी सांगत होती, आणि त्यात तथ्यही होतं. फुकट मिळत असताना भांडण कशाला, असं कोणा देणगीदाराच्या मनात आलं असेल तर नवल नाही. पण फुकट कोणाला आणि किती दिवस, हे देणाराच ठरवतो. आठ हजारांचं औषध दुकानात मिळत असेल, तर त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. स्वतः मदतीवर चालणारी संस्था हे कोर्टात मांडायला उभी राहिली.