लोकप्रियता आणि आप्तवाक्य

एखादे साधन स्वतः वापरण्यापूर्वी त्याची योग्यता कशावरून ठरवावी, हा आज्ञावलीकारांना नेहमी पडणारा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शनाच्या परिभाषेत प्रमाणाचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनाचा, प्रश्न आहे. फिनिक्स या वेब फ्रेमवर्कच्या, म्हणजे संकेतस्थळे उभारण्यासाठी लागणाऱ्या तयार सांगाड्याच्या, बाबतीत तो विशेष तीव्र होतो. एरिक्सन कंपनीत दूरध्वनी यंत्रणेसाठी घडलेल्या एर्लांग भाषेच्या आभासी यंत्रावर जोसे व्हालिम यांनी एलिक्सिर ही भाषा उभारली आणि तिच्यात क्रिस मॅकॉर्ड यांनी फिनिक्स रचले, त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. स्टॅक ओव्हरफ्लो या आज्ञावलीकारांच्या प्रश्नोत्तर-संकेतस्थळाच्या २०२२ मधील सर्वेक्षणात वापरकर्त्यांच्या पसंतीत ते पहिले ठरले, पण हे वापरकर्ते रिअ‍ॅक्ट या बहुप्रचलित साधनाच्या वापरकर्त्यांच्या तुलनेत मूठभरच होते.

येथे कोणाचा शब्द प्रमाण मानावा? वात्स्यायनाच्या न्यायभाष्यानुसार विषय साक्षात जाणणारा आणि तो जसा जाणला तसाच सांगू इच्छिणारा तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, आणि त्यात संख्येला कोठेही स्थान नाही. ज्यांनी फिनिक्स उघडूनही पाहिले नाही अशा हजारोंची उदासीनता म्हणूनच शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे प्रमाणभूत वचन, ठरत नाही. लोकप्रियतेवरून मनुष्यबळ सहज मिळेल असे अनुमान अवश्य करता येते (नोकरभरती करणाऱ्याला तेवढे पुरतेही), परंतु ते सोयीविषयीचे अनुमान आहे, गुणाविषयीचे नव्हे. दुसरीकडे, मूठभरांची प्रशंसाही निःशंक नाही, कारण ज्यांना मुळात ती पद्धत रुचते तेच तिच्याकडे वळलेले असतात.

उरतो तो संशय. पण नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते दृष्ट फळाच्या व्यवहारात प्रवृत्तीला, म्हणजे कृतीच्या आरंभाला, निश्चयच लागतो असे नाही, संशयही पुरतो, आणि कृती सफल झाली की त्या सफलतेवरून आधीच्या ज्ञानाचे प्रामाण्य सिद्ध होते. यालाच परतःप्रामाण्य म्हणतात. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, यावर अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या पुराव्यांच्या साखळीचा, आक्षेप घेतात, कारण त्या सफलतेच्या ज्ञानालाही मग दुसरा पुरावा लागेल. तो आक्षेप तर्काला धरून असला तरी आज्ञावलीकार त्यापाशी थांबत नाही, तो एक छोटा प्रयोग करून पाहतो.

लाइव्हव्ह्यू या फिनिक्सच्या भागात पानाची सारी स्थिती सर्व्हरवरील एका हलक्या प्रक्रियेत राहते आणि केवळ बदललेला अंश वेबसॉकेट या सतत खुल्या जोडणीवरून ब्राउझरकडे जातो, त्यामुळे जावास्क्रिप्ट फारशी लिहावी लागत नाही. एका वापरकर्त्याची प्रक्रिया मुद्दाम पाडली तरी ब्राउझर पुन्हा जोडला जातो, नवी प्रक्रिया उभी राहते आणि शेजारच्या वापरकर्त्याला काही कळतही नाही. चूक सर्वत्र झाकत बसण्यापेक्षा प्रक्रिया पडू द्यावी आणि नव्याने सुरू करावी, ही एर्लांगची जुनी शिकवण येथे प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी अनुभवलेली, होते. त्याच प्रयोगात, जाळे मंद असले की प्रत्येक टिचकीला होणारा विलंबही प्रत्यक्ष होतो.

तरीही ही सफलता त्या छोट्या प्रयोगापुरतीच प्रमाण असते. संघातील माणसे बदलल्यावर, आवृत्त्या पुढे सरकल्यावर काय होईल, हे तिच्यातून कळत नाही; त्यासाठी प्रयोगकर्त्याला पुन्हा शब्दाकडेच वळावे लागते, फक्त आता अडचणी कोठे येतात हे ठाऊक असल्याने कोण अनुभवून बोलतो आणि कोण ऐकीव सांगतो, हे त्याला पारखता येते.