अनुमती आणि कर्तृत्व : ख्रिस्ती मतातील दुःखाचा प्रश्न

इ. स. १७५५ च्या नोव्हेंबरची पहिली तारीख. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण असल्यामुळे सकाळी नगरवासी मिस्सेकरिता चर्चमध्ये जमले होते. त्याच समयी भूकंप झाला आणि चर्चची छते उपासकांवरच कोसळली. जे जीव वाचवून नदीतटाकडे धावले, त्यांच्यावर समुद्राची प्रचंड लाट आली. नगरात लागलेली आग पुढे कित्येक दिवस विझली नाही. हजारो माणसे मेली. त्यांत प्रार्थना करीत असलेली होती, तान्ही मुलेही होती.

या घटनेने युरोपातील ख्रिस्ती विद्वानांपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा केला. ख्रिस्ती मताने ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान व पूर्ण कल्याणमय आहे. शिवाय त्याने ही सृष्टी शून्यातून निर्माण केली. या शेवटच्या सिद्धांतातच प्रश्नाचे मूळ आहे. सृष्टीपूर्वी ईश्वरावाचून दुसरे काहीच नव्हते, तर दुःखाचा भार अन्य कोणावर ठेवणार?

चौथ्या-पाचव्या शतकातील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन याला ही अडचण पूर्णपणे ज्ञात होती. तरुणपणी तो सुमारे नऊ वर्षे मानी-मताचा अनुयायी होता. त्या मतात प्रकाश व अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानतात, त्यामुळे दुष्टतेचे उत्तर सोपे होते. ते मत सोडल्यावर त्याने असे प्रतिपादन केले की दुष्टता ही वस्तूच नव्हे. अंधत्व म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तशी ती चांगुलपणाचा अभाव होय. जी वस्तूच नाही तिचा कर्ता कोण? आणि मनुष्याने स्वतंत्र इच्छेचा दुरुपयोग केला, ईश्वराने केवळ अनुमती दिली.

येथे शंका अशी की, अनुमती देणारा निर्दोष कसा? विहिरीकडे रांगत जाणारे मूल समोर दिसत आहे, हात पुरतो आहे, तरी जो उचलीत नाही, त्याने मुलाला ढकलले नाही एवढ्यावरून त्याची सुटका होत नाही. शिवाय लिस्बनची भूमी हादरली ती कोणाच्या इच्छास्वातंत्र्याने?

लायब्निझने १७१० सालीच ग्रंथ लिहून म्हटले होते की, शक्य असलेल्या सर्व विश्वांत हेच उत्तम होय. व्हॉल्टेअरने १७५६ मध्ये भूकंपावर काव्य रचून या समाधानाचे वाभाडे काढले. त्यावर रूसोचे उत्तर मार्मिक आहे : सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने तेथे बांधली नव्हती. हे खरेच, परंतु यात ईश्वराची बाजू सिद्ध होते की केवळ नगररचनेचा दोष, हे वाचकांनीच पाहावे. याच वर्षी मालाग्रिडा नामक येशूसंघीय पाद्र्याने पुस्तिका काढून सांगितले की भूकंपाचे कारण नैसर्गिक नसून लिस्बनवासीयांची पापे होत.

ईश्वराला निर्दोष ठरविण्याच्या खटाटोपात मेलेले लोक अपराधी ठरले, हे मला या सर्व वादात सर्वाधिक गंभीर वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथच याला अनुकूल नाहीत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी नव्हती असे येशूने सांगितल्याचे लूककृत शुभवर्तमानात आहे. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले, पाप याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. ईयोबाचे मित्र तर ईश्वराचेच वकीलपत्र घेऊन आले होते : तू दुःखी आहेस, त्याअर्थी पापी आहेस. शेवटी ईश्वर कोपला तो त्या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोबच यथार्थ बोलला असा निर्वाळा त्याने दिला. मात्र दुःख का दिले, हे ईयोबाला अखेरपर्यंत सांगितले नाही. जबाबदारीचा प्रश्न तेथेही अनुत्तरितच आहे.

आपल्या शास्त्रात जीव अनादी, त्याची अविद्याही अनादी. कर्मफळ देणे देवतांकडे, आणि परमेश्वराकडे केवळ उद्धार. त्यामुळे हा आक्षेप आपल्या सिद्धांतावर त्या स्वरूपात येत नाही. तथापि उपदेशी मंडळींच्या घरी आपण हे शास्त्र कसे सांगतो, ते निराळे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वासनिकाचे लहान मूल गेले, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसून प्राक्तन कर्माचे निरूपण आरंभिले. मुलाची आजी काही न बोलता उठून आत गेली. निरूपणात शास्त्रदृष्ट्या चूक नव्हती. पुढे ईयोबाच्या ग्रंथात त्या मित्रांची भाषणे वाचताना मला ती ओसरी आठवली, आणि त्या दिवशीचे पुढचे वाचन राहून गेले.