मूठभर गहू

ओसाकाजवळच्या साकाई शहरात मी दोन वर्षं राहिले. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात पहिल्याच संध्याकाळी समोरच्या मुलीनं भाताच्या वाडग्यापुढे हात जोडले, ‘इतादाकिमास’ असं पुटपुटली आणि मगच काड्या उचलल्या. दोन घास झाल्यावर तिनं विचारलं, तुमच्याकडे जेवणाआधी काय म्हणतात? शाळेत एक श्लोक होता, तो पाचवीनंतर सुटला. घरी आई म्हणते, ‘जेवून घे, गार होते.’ मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, पण हे तर वाढणारी म्हणते. जेवणारी काय म्हणते?

जेवणारी काहीच म्हणत नाही. राळेगावात आमच्या घरी कोणी कोणाला ‘धन्यवाद’ म्हटल्याचं मला आठवत नाही. आईला तसं म्हटलं तर तिला वाटेल, पोरगी रुसली. आभार मानायचे ते स्टेजवर, हार-नारळ झाल्यावर. ज्यांच्याकडून रोज घेतो, त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. उलट शब्द काढला की अंतर पडतं. हे मला तोवर आपल्या मोकळेपणाचं लक्षण वाटत होतं.

मग मी तिला उलट विचारलं, तू हे म्हणतेस ते कोणाला? देवाला? ती गोंधळली. ‘मला धर्म नाही,’ म्हणाली. पुढे हे वाक्य मी तिथं अनेकांकडून ऐकलं. नवीन वर्षाला शिंतो देवळात रांग लावणारे, घरातल्या मयताला बौद्ध भिक्षू बोलावणारे, लग्नाला ख्रिस्ती चर्चसारखा हॉल घेणारे लोक सहज सांगतात की आम्हाला धर्म नाही. पण रिकाम्या खोलीत एकट्यानं जेवतानाही ते हात जोडतात. भाताला? शेतकऱ्याला? मेलेल्या माशाला? तिनं बराच विचार करून सांगितलं, ‘कोणाला ते माहीत नाही, पण न म्हणता खाल्लं तर चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.’

त्या ‘चोरून’नं मला वर्ध्याला नेऊन सोडलं. राळेगावहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. शाळेची सहल दरवर्षी सेवाग्रामला, आणि तिथून गोपुरीला गीताई मंदिरात. विनोबांची ‘गीताई’ तिथं दगडांवर कोरली आहे. आम्ही त्या दगडांमागे लपाछपी खेळायचो. तिसऱ्या अध्यायात कुठंतरी असं आहे, की मिळालेलं परत न करता जो नुसताच भोगतो तो चोर. सर ते मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही डबे उघडायचो. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात एका जपानी बौद्ध मंत्रानं होते. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे आले, तेव्हापासूनची ती आठवण. म्हणजे जपानी भाषा मी ओसाकाच्या आधी सेवाग्रामलाच ऐकली होती. कळली नव्हती एवढंच.

‘इतादाकु’चा जुना अर्थ माथ्यावर धरणं. आमची आजी प्रसाद आधी कपाळाला लावते आणि मग तोंडात टाकते, तेच. जेवण संपल्यावर जे म्हणतात त्यातल्या ‘चिसो’ची अक्षरं ‘धावपळ’ अशी आहेत: माझ्या या ताटासाठी कोणाची तरी फार धावपळ झाली. आणि दिवसातून पन्नासदा कानावर येणारं ‘सुमिमासेन’. माफ करा, जरा ऐकता का, उपकार झाले, सगळ्याला हाच शब्द. शिक्षकांनी त्याची फोड सांगितली तेव्हा वर्गात मी एकटीच दचकले असेन. त्याचा मूळ अर्थ, ‘संपत नाही’. आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे: फिटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या माणसाच्या कानाला ‘फिटत नाही’ वेगळं लागतं. आमच्याकडे जे फिटत नाही ते कर्ज. बँकेचं, कृषी केंद्राचं, सावकाराचं. त्या दोन शब्दांनी आमच्या तालुक्यात घरं उठली आहेत. आणि इथं एक अख्खा देश रेल्वेत कोणाचा पाय लागला तरी हसून तेच म्हणतो. मला सुरुवातीला राग आला. नंतर लक्षात आलं, की फिटण्यासारख्या देण्याला हे लोक फार जपतात. मयताच्या घरी पाकीट दिलं, तर काही दिवसांनी साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत येते. कोणाचं अंगावर ठेवायचं नाही. जे असं परत करता येत नाही, म्हणजे अन्न, ऊन, आईबाप, त्याच्यासाठी हात जोडायचे. ज्या देण्याची वही मिटवता येते तो व्यवहार, आणि जी मिटतच नाही तिथून धर्म सुरू होत असावा, अशी माझी त्या हिवाळ्यात समजूत झाली.

ती समजूत एका रात्रपाळीनं मोडली.

विद्यार्थ्यांना तिथं आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी असते. मी एका चोवीस तास उघड्या दुकानात होते. रात्री ठरलेल्या वेळी फळीवरचे डबे तपासायचे. मुदत संपली, की यंत्रानं त्यावरची खूण वाचून घ्यायची आणि डबा पिशवीत टाकायचा. याला ‘हाइकी’ म्हणतात. भाताचे त्रिकोणी गोळे, तळलेली कोंबडी, अंड्याचे सँडविच, सगळं धडधाकट. घरी न्यायचं नाही असा नियम. भाताच्या एका दाण्यात सात देव राहतात असं ज्या देशात लहान पोरांना सांगतात, तांदळाच्या चित्राक्षराची फोड करून ‘अठ्ठ्याऐंशी वेळा हात लागतो’ असं शिकवतात, तिथं मी पहाटे दोनला किती देव पिशवीत भरले त्याचा हिशेब नाही. सोबतचा मुलगा पिशवीला गाठ मारायचा, मग मागच्या खोलीत जाऊन स्वतःचा डबा उघडायचा आणि हात जोडायचा. ‘इतादाकिमास.’

तो ढोंगी नव्हता. साधा, कष्टाळू मुलगा होता. पण तेव्हापासून प्रश्न बदलला. शब्द कोणाला म्हणायचा, हे राहिलं बाजूला. तो म्हणून होतं काय? एवढंच, की माझ्यापुरतं माझं ताट चोख झालं? आमच्याकडेही अन्नाला देव म्हणतात आणि मांडवाबाहेर उष्ट्या पत्रावळींचा ढीग लागतो. म्हणणारे आणि न म्हणणारे यांत फरक कुठं राहिला?

मार्चमध्ये आम्ही चौघीजणी नाराला गेलो. तिथली हरणं कासुगा देवस्थानची, देवाचे दूत मानलेली. गावभर मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी कोंड्याची बिस्किटं विकत मिळतात. बिस्कीट दाखवलं की हरीण मान खाली घालून चक्क नमस्कार करतं. एकदा, दोनदा, तीनदा. पर्यटक खूष होतात, बिस्कीट आणखी वर धरतात, आणखी नमस्कार करून घेतात, फोटो काढतात. मीही काढले. व्हिडिओ घरी पाठवला. बाबांचा फोन आला, ‘हरणाले भूक लागली हाये, बाई. दे ना त्याले.’

बाबांनी बहुतेक सहज म्हटलं असेल. पण बाबांना मी कृषी केंद्राच्या काउंटरवर पाहिलं आहे. जूनचा पहिला पाऊस पडून गेलेला, वाफसा चाललेला, बियाणं उधारीवर हवं. काउंटरमागचा माणूस फोनवर बोलत राहतो आणि बाबा हसत उभे राहतात. त्या हसण्यात मान किंचित खाली असते. कोणी सांगितलेलं नसतं, आपोआप जाते. नाराच्या त्या गवतावर मला ती मान दिसली.

वाकण्या-वाकण्यात फरक आहे, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. पोट भरण्याची खात्री असलेला माणूस वाडग्यापुढे वाकतो ती एक गोष्ट. पोटासाठी वाकावं लागणं ही दुसरी. हात तसेच, मान तशीच, अर्थ पार उलटा.

मे महिन्यात कोयासानला गेले. ओसाकाच्या नांबा स्टेशनावरून डोंगरात जाणारी गाडी, शेवटी दोरानं ओढला जाणारा डबा. वर ओकुनोइन नावाची दफनभूमी आहे: देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांखाली दोन किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या. शेवटी कोबो दाइशी, म्हणजे कुकाई, यांचं स्थान. ते ८३५ मध्ये गेले असं इतिहास सांगतो. गेले नाहीत, ध्यानात बसले आहेत, असं तिथले भिक्षू मानतात आणि रोज दोन वेळा त्यांना जेवण नेतात. पंढरपूरच्या विठोबाला नैवेद्य जातो तसंच, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वाटेवरच्या एका दगडाचं. तो वाळवीसाठी आहे. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेनं, आपल्या हातून मेलेल्या वाळवीला शांती लाभावी म्हणून उभारलेला.

माझ्यासोबतच्या मुली हसल्या. मला हसू येईना. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल, पराटी डोक्याच्या वर गेलेली. त्या वर्षी बोंडअळीही हटली नाही. अळीसाठी नाही, त्या माणसांसाठी तरी कुठं एखादा दगड आहे का? माझ्या पाहण्यात नाही. आणि ज्या कापसापायी ती माणसं गेली, त्याचं जपानशी नातं जुनं आहे. ओसाकाच्या गिरण्यांसाठी मुंबई ते कोबे अशी कापसाची जहाजवाट टाटांनी १८९३ मध्ये जपानी कंपनीबरोबर सुरू केली. आमच्या वऱ्हाडातला कापूस माझ्या कितीतरी आधी परदेशात पोचला होता. कापूस अंगावर घालण्याआधी कोणी कुठं हात जोडतं का, जपानात तरी? त्यासाठी त्यांच्याकडेही शब्द नाही. मी विचारून पाहिलं.

त्याच डोंगरावर कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. हजारो मैलांवर ओळखीचा चष्मा, ओळखीचा कोट. त्या पुतळ्यासमोर माझी हिवाळ्यातली समजूत मला पोकळ वाटली. न फिटणाऱ्या देण्याला धर्म म्हणायचं, हे म्हणणं फार गोड आहे, पण ते कोण कोणाला ऐकवतो? आपल्या गावगाड्यात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून भाकरीचे तुकडे मागून घ्यायचे, वर उपकार मानायचे. हक्काचं होतं ते भीक म्हणून हातावर पडायचं. म्हणूनच तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं. वतन म्हणजे मान, असं लोक समजत होते. त्यांनी दाखवलं की ती साखळी आहे. ज्यांना शतकानुशतकं वाकवलं, त्यांना कृतज्ञता शिकवणं ही थट्टा आहे. विनोबांनाही हे दिसलं असावं. भूदानात जमीन मागताना ते भीक मागत नव्हते. मला तुमचा एक मुलगा धरा आणि माझा वाटा द्या, असं म्हणत होते.

मग आमच्या रावेरीची सीता आठवली. रावेरी राळेगाव तालुक्यातलंच. तिथं सीतेचं देऊळ आहे, आणि त्यात राम नाही. रामानं टाकलेली गरोदर सीता इथं आली, लव-कुश इथंच झाले, बाळंतिणीनं गावात मूठभर गहू मागितले आणि गावानं दिले नाहीत, अशी गोष्ट. तेव्हा तिनं सांगितलं, तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन ते देऊळ नीट केलं. टाकलेल्या बाईचं देऊळ शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला का महत्त्वाचं वाटलं असेल, हे मला लहानपणी कळायचं नाही.

सप्टेंबरात शिक्षण संपवून परत आले आणि दिवाळीनंतर आजीला घेऊन तिथं गेले. मी तिला विचारलं, राणी होती, मागायला लाज नसेल वाटली? आजी म्हणाली, ‘लाज तिले कायची? लाज गावाले पाह्यजे होती.’ आणि थोड्या वेळानं, ‘तिनं गाव मरो असं नाही म्हटलं. जे देलं नाही तेच उगवलं नाही, बस.’

दोन वर्षं मी ज्याच्याभोवती फिरत होते ते आजीनं पायरीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं. भुकेल्यानं मागितलं तर त्यानं मान खाली घालायची नसते. ज्याच्या कणगीत आहे त्यानं घालायची. हात जोडायचे असतील तर ते पोटभर जेवणाऱ्यानं. आणि जोडून भागत नाही. इतादाकिमास म्हणून पिशवीला गाठ मारणाऱ्याचं शिवार एक दिवस सीतेच्या गावासारखंच होईल. शब्द हा वाटा देण्याची कबुली आहे, वाट्याच्या बदली दिलेली वस्तू नाही.

हे सगळं मी त्या रात्री जेवताना मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. भाकर, अंबाडीची भाजी, वरून तेल. मी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणूनही दाखवलं. आई हसली. बाबांनी विचारलं, हे कोणाले म्हणते? मी म्हटलं, तुम्हाला. तुम्ही पिकवता. ते जेवत राहिले. मग म्हणाले, ‘मंग वावरातल्या बायाईले म्हन. वेचते तं त्या.’

दुसऱ्या दिवशी वावरात गेले. कापूस वेचायला नऊ बाया होत्या. त्यांना किलोवर मजुरी मिळते, आणि ती आम्ही देतो. भाव पडला की त्यांच्यापुढे थोडी घासाघीसही आम्हीच करतो. आमच्याच घरची ती वही मी इतकी वर्षं उघडून पाहिली नव्हती. त्यांना जपानी शब्द काय सांगणार? मी दुपारपर्यंत एक ओळ धरून वेचलं, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घेतली. बारा-साडेबाराला त्या लिंबाखाली बसल्या. फडकी सुटली. माझ्याजवळ डबा नव्हता. एकीनं भाकरीचा तुकडा मोडला, वर ठेचा घातला आणि माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात पुढे केले, मान जरा खाली गेली.

‘एका हातानं घे ना व बाई,’ ती म्हणाली, ‘दोन्ही हात कायले लागते?’