ऐकू आले नाही, की ऐकले नाही?

"मला ऐकू आले नाही" हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बहुतेक वेळा ते खरे असते. पण प्रत्येक वेळी खरे असते काय, आणि नसेल तर त्यातला दोष कानाचा की मनाचा, हा प्रश्न मला एका साध्या लोकल प्रवासाने घातला.

दादरहून संध्याकाळच्या विरार लोकलने मी आणि माझी मुलगी भाईंदरला परत येत होतो. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना गर्दीचे वर्णन नको. डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळींचे टाळ, दुसरीकडे पत्त्यांचा डाव, वर पंख्याची घरघर, आणि मधूनमधून तीन भाषांतली स्टेशनांची घोषणा. तिघांच्या बाकावर मी कडेला तिसरा बसलो होतो, मुलगी खिडकीशी. हातात वर्तमानपत्र होते. बोरिवलीला एक म्हातारी बाई चढली, बोचके खाली ठेवून माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, जरा सरकता का?" चौथ्या सीटचा रिवाज या मार्गावर कोणाला सांगावा लागत नाही. माझी नजर अग्रलेखावर होती आणि ती तेथेच राहिली. बाई पुढच्या बाकाकडे गेली. तेथे कोणीतरी तिला जागा दिली.

दहिसर मागे पडले. दाराशी तिघे-चौघे आपसांत थट्टा करीत उभे होते. त्यांचे एकही वाक्य तोवर माझ्या कानी आले नव्हते. एकाएकी त्यांच्यातल्या एकाने आमच्या जुन्या जातीचे नाव घेतले. मला उद्देशून नव्हे. कोणा तिऱ्हाइताविषयी, आणि हसून. ते नाव टाळ, पत्ते आणि पंखा या सर्वांना भेदून थेट माझ्यापर्यंत आले. हातभर अंतरावरची विनंती पोचली नव्हती. दहा हातांवरची शिवी मात्र पोचली.

असे का व्हावे? मानसशास्त्रात या विषयाला निवडक अवधान म्हणतात. गोंगाटात माणूस एकच आवाज कसा उचलतो, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे कॉलिन चेरी यांनी १९५३ साली तपासले. माणसाच्या दोन कानांत दोन निराळे मजकूर सोडायचे आणि एका कानातला मजकूर त्याने ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचे. नंतर दुसऱ्या कानात काय होते असे विचारले, तर लोकांना जवळजवळ काहीच सांगता येत नसे. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला, किंवा बोलण्याऐवजी नुसता सूर वाजू लागला, एवढे कळे. मधेच इंग्रजीची जर्मन झाली, हे मात्र ध्यानात येत नसे. यावरून डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ साली असा सिद्धांत मांडला की मनाच्या दारात एक गाळणी आहे. आवाजाची दिशा, पट्टी अशा बाहेरच्या लक्षणांवरून ती एक प्रवाह आत घेते, आणि बाकीचे सारे, त्यांचा अर्थ लागण्यापूर्वीच, बाहेर ठेवते.

हा सिद्धांत सुटसुटीत होता, पण वर्षभरातच त्याला खोट सापडली. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात तेच ते शब्द ३५ वेळा ऐकवले, तरी लोकांना ते नंतर ओळखता आले नाहीत. परंतु त्याच कानात ऐकणाराचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा ते ऐकू आले. आता, द्वारपाल जर नाव न विचारताच सर्वांना परत पाठवीत असेल, तर हा एक पाहुणा त्याने ओळखला कसा? अ‍ॅन ट्रीझमन यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत याचे उत्तर दिले. गाळणी दुसरा आवाज बंद करीत नाही, केवळ बारीक करते. आणि प्रत्येक शब्दाला मनात शिरण्यासाठी एक उंबरठा ओलांडावा लागतो. आपले नाव, धोक्याची हाक, असे शब्द असतात त्यांचा उंबरठा ठेंगणा असतो; बारीक आवाजातही ते आत येतात. डॉइच दांपत्य तर १९६३ साली म्हणाले की अर्थ सगळ्यांचाच लागतो, निवड त्यानंतर होते. हा वाद बरीच वर्षे चालला. पुढे १९९५ पासून नीली लॅव्ही यांनी दाखविले की हातातले काम इंद्रियांना किती गुंतवते यावरही निवड लवकर होईल की उशिरा हे अवलंबून असते.

उंबरठा हा शब्द आपल्या लोकांना निराळ्या अर्थाने परिचित आहे. ज्या नावाने आजा-पणजांना उंबऱ्याबाहेर उभे केले, त्याच नावाचा उंबरठा आमच्या मनात सर्वांत ठेंगणा झाला, हे मला त्या दिवशी समजले. यात माझा दोष नाही. धोक्याची हाक ऐकायला शिकलेला कान तो. त्याने पिढ्यान् पिढ्या घरादाराचे रक्षण केले आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या घरांत ते उपयोगी आहे. एका खोलीत दूरदर्शन संच चालू, स्वयंपाक चालू, पाहुण्यांच्या गप्पा चालू, आणि कोपऱ्यात मूल पुस्तक घेऊन बसलेले, त्याला आपण ओरडून सांगतो, "लक्ष दे!" पण गाळणीतून घरच्यांचे बोलणे गळणारच, कारण त्यात त्याचे नाव असते, त्याची माणसे असतात. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदारांनी भीमरावांना नुसते "लक्ष दे" सांगितले नाही. मुलाला लवकर झोपवून ते स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवीत, असे चरित्रकार सांगतात. अवधान हा केवळ मुलाचा गुण नव्हे. घराने त्याला शांतता मिळवून द्यावी लागते.

आता त्या म्हातारीकडे वळतो. येथे माझी बाजू लंगडी पडते. १९६० साली जॉर्ज स्पर्लिंग यांनी एक प्रयोग केला. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी सेकंदाच्या विसाव्या भागापुरत्या दाखवायच्या. सगळी अक्षरे सांगा म्हटले की लोक चार-पाच सांगत. पण अक्षरे नाहीशी होताच सूर वाजवून, उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, नीच म्हणजे खालची, असे विचारले, तर कोणत्याही ओळीतली चारांपैकी साधारण तीन अक्षरे त्यांना सांगता येत. म्हणजे क्षणभर जवळजवळ सारे चित्र मनापुढे शिल्लक होते. सेकंदाच्या आत ते विरून जाई. हीच संवेदनिक स्मृती. कानाचीही अशी स्मृती आहे, आणि ती डोळ्याहून अधिक टिकते, काही सेकंद. उल्रिक नायसर यांनी १९६७ साली तिला प्रतिध्वनीवरून नाव दिले. अनुभव सर्वांचाच आहे. कोणी काही विचारते, आपण "काय म्हणालास?" असे म्हणतो, आणि त्याने पुन्हा सांगण्यापूर्वीच आपल्याला ते उमगते. शब्द कानात थांबलेले असतात. मन वळले की सापडतात.

म्हातारीचे शब्दही थांबले होते. ती म्हणाली तेव्हा मी खरोखरच वाचनात होतो, ते खोटे नाही. पण ओळ संपता संपता तिचे वाक्य मला सापडले, आणि मग मी पुढची ओळ वाचू लागलो.

मज्झिम निकायातील महाहत्थिपदोपम सुत्तात सारिपुत्त सांगतात की कान शाबूत असला आणि शब्द त्याच्या टप्प्यात आला तरी तेवढ्याने श्रोत्रविज्ञान उत्पन्न होत नाही. मनाने त्या बाजूस वळावे लागते. या वळण्याला तेथे समन्नाहार म्हटले आहे. अभिधम्माने मनसिकार प्रत्येक चित्तात धरला आहे, आणि त्याच्याच पंक्तीला चेतनाही. म्हणून काही मंडळी लगेच लिहितील की हे सर्व विज्ञान त्रिपिटकात आधीपासूनच होते. तसे म्हणू नये. पोथीत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो, आणि त्यांच्याच रांगेत जाऊन बसण्याचे कारण नाही. स्पर्लिंग यांनी क्षण मोजला. सारिपुत्तांना दुःख कोठून येते हे सांगायचे होते. दोघांची कामे निराळी.

परंतु माझ्या प्रश्नाला दोघांची मदत होते. तथागतांनी चेतनेला कम्म म्हटले. मग जे मनात शिरलेच नाही त्याबद्दल दोष कसा लागेल? लागणार नाही, हे मी मान्य करतो. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ साली चेंडूफेकीचे एक चित्रण लोकांना दाखवून चेंडू किती वेळा दिला ते मोजायला सांगितले. मधूनच गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती चालत गेली, तर साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. त्यांना दुष्ट कोण म्हणेल? मात्र जो प्रतिध्वनी सापडतो आणि ज्याच्याकडे आपण पाठ फिरवतो, तेथे चेतना हजर असते. कचेरीत झाडू मारणारा माणूस ज्यांना वर्षानुवर्षे "दिसत नाही", त्यांच्यावर आपण रागावतो. त्यांच्यापैकी कितीजणांना तो खरोखर दिसत नाही आणि कितीजणांना दिसून पुढची ओळ वाचायची असते, हे आता मी सांगू शकत नाही; एकाचे तेवढे सांगू शकतो.

राहिली मुलगी. ती बारा वर्षांची आहे. दारातला तो शब्द तिला ऐकूच आला नाही. तिच्या मनात त्याचा उंबरठा इतरांच्या शब्दांइतकाच उंच आहे. दीक्षेने आमच्या घरात जे घडवले त्यातली ही मोठी गोष्ट आहे असे मला वाटले, आणि लगोलग भीतीही वाटली. उद्या कोणी तो शब्द तिच्याचसाठी वापरला, तर तिला तो वेळेवर ऐकू यायला नको काय? जे आईबाप नुकतेच धम्मात आले आहेत त्यांच्यापुढेही हा प्रश्न आहे. मुलांना तो कान द्यावा, की आपल्याबरोबर तो संपू द्यावा?

मीरा रोड गेले. भाईंदरला उतरून आम्ही पुलाचा जिना चढत होतो. तिने विचारले, "बाबा, तुम्ही पेपर मधेच का मिटलात?" मी तिला आधी म्हातारीचे सांगितले. दुसरे अजून सांगितलेले नाही.