मुलांना प्रार्थना शिकवणे ही सक्ती आहे काय?

आपल्या मंडळ्यांतील तरुण आईबाप अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला देवाविषयी काय कळणार? त्याच्याकडून प्रार्थना पाठ करून घेणे म्हणजे आपला विश्वास त्याच्यावर लादणे नव्हे काय? ते मोठे होईल तेव्हा त्याचे ते ठरवील. जुन्या पिढीतील काही बंधुभगिनींची हरकत याहून निराळी असते. त्यांच्या मते पाठ केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. अंतःकरणातून निघेल तीच खरी. हे दोन्ही आक्षेप प्रामाणिकपणे घेतले जातात, म्हणून त्यांचा विचारही प्रामाणिकपणे केला पाहिजे. मात्र दोहोंचा परिणाम पुष्कळदा एकच होतो, तो असा की संध्याकाळी घरात कोणीच गुडघे टेकीत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही वाचकांना आपल्या शेजारच्या रोमन कॅथॉलिक घरांकडे पाहण्याची विनंती करतो. गोव्यात किंवा वसईच्या गावांत ज्यांचे वास्तव्य झाले आहे त्यांना तिथली जुनी रीत ठाऊक असेल. दिवेलागणीला चर्चची घंटा झाली की घरातली माणसे हातातले काम ठेवून वेदीपुढे जमतात आणि जपमाळेची प्रार्थना म्हणतात. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात. तिचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा ‘नमो मरिया’ आणि शेवटी त्रैक्य देवाचे गौरव, असा क्रम असतो. प्रत्येक भाग म्हणताना प्रभूचा जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान अशा एखाद्या प्रसंगाचे मनन करायचे असते. प्रार्थना संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दूरदर्शन आणि मोबाइल आल्यापासून हा नेम त्याही घरांत पुष्कळ ठिकाणी सुटला आहे. पण पिढ्यान् पिढ्या त्या समाजाचा विश्वास ह्याच वेदीपुढे वाढला.

कॅथॉलिक मंडळीच्या शिकवणीतही घराला मोठे स्थान आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली मंडळी म्हटले आणि आईबाप हे आपल्या मुलांचे पहिले सुवार्तिक होत, असे शिकविले. त्याच परिषदेने १९६५ साली असेही जाहीर केले की विश्वास हा स्वेच्छेनेच ठेवावयाचा असतो, त्याकरिता कोणावर जबरदस्ती करता येत नाही. म्हणजे मुलाला शिकवावे आणि त्याचे स्वातंत्र्यही राखावे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. मरियेला उद्देशून प्रार्थना करणे आपल्या शिकवणीत बसत नाही, आणि हा भेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि घरात विश्वास कसा टिकतो एवढ्यापुरते त्यांच्यापासून शिकण्यास काही अडचण नसावी.

ह्याचे सर्वांत कठीण परीक्षण जपान देशात झाले. त्या इतिहासाचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. त्याच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. जपानात हजारो लोक ख्रिस्ती झाले. पुढे राज्यकर्त्यांचे मन फिरले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हाही होता. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. मिशनऱ्यांना हाकलण्यात आले, जे लपून राहिले ते पकडले गेले, आणि १६४४ साली शेवटचा धर्मगुरूही मारला गेला.

त्यानंतर सुमारे दोनशे वीस वर्षे त्या देशात उपासनामंदिर नव्हते, मिस्सा नव्हता, मुलांना शिकवणारी शाळा नव्हती. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. नागासाकीच्या भागात दरवर्षी लोकांना प्रभूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो कचरेल तो ख्रिस्ती ठरे. अशा स्थितीत जे उरले ते घरांत उरले. गावातला एक जण सणावारांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघर निरोप पोचवी. आईबाप, आजीआजोबा तोंडी प्रार्थना शिकवीत. त्या प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. प्रार्थनेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्याचेच हे जपानी रूप. धर्मगुरू नसताना मनापासून पश्चात्ताप कसा करावा याचीही एक शिकवण त्यांच्याजवळ जपलेली होती. प्रतिमेवर पाय ठेवून घरी आल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, अशी परंपरा सांगितली जाते.

मग १८६५ साल उजाडले. परदेशी लोकांसाठी नागासाकीत नुकतेच एक चर्च बांधले गेले होते आणि पेतिजाँ नावाचे फ्रेंच धर्मगुरू तिथे होते. १७ मार्च रोजी शेजारच्या उराकामी गावचे दहापंधरा लोक तिथे आले. त्यांतल्या एका स्त्रीने फादरांच्या जवळ येऊन हळू आवाजात सांगितले की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. पुढील काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतले सहाशेहून अधिक लोक परत आले नाहीत. १८७३ साली बंदीचे फलक काढले गेले, तेव्हा उरलेले घरी परतले.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. मुलाने मोठेपणी स्वतः ठरवावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो ह्या आईबापांना होता. आपल्या मुलाला प्रार्थना शिकवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. न शिकवण्यास याहून सबळ कारण कोणते? तरीही त्यांनी शिकवले. हे बरोबर केले काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर सोपे नाही, आणि ते सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी शिकवले नसते तर त्या मुलांपुढे निवडण्यासारखे काय राहिले असते, हेही पाहावे. त्या देशात ना चर्च होते, ना उपदेशक. ज्याचे नावही कानांवर पडले नाही ते कोणी निवडू शकत नाही. आईबापांनी दिले म्हणून १८६५ साली ती माणसे आपल्या पायांनी, आपल्या जबाबदारीवर चर्चच्या दाराशी जाऊ शकली. त्या दिवशी त्यांना कोणी ओढून नेले नव्हते.

शिवाय ज्या घरात प्रार्थना होत नाही ते घर मुलाला काहीच शिकवीत नाही असे नाही. दुखणे, परीक्षा, घरातली मृत्यूची वेळ ह्या सर्व प्रसंगी देवाचे नाव निघाले नाही, तर देवावाचून चालते हाच धडा मूल शिकते. तो धडाही त्याला विचारून दिलेला नसतो.

मग सक्ती कोठे सुरू होते? आम्हांस वाटते, आईबाप स्वतः उभे राहून मुलाला गुडघे टेकावयास सांगतात तेथे ती सुरू होते. वचन पाठ केल्याशिवाय जेवण नाही, खोडी केली म्हणून शिक्षा म्हणून स्तोत्र, असे प्रकार काही घरांत चालतात. तेथे मूल प्रार्थना शिकत नाही, भीती शिकते. जपानातल्या त्या मुलांनी आपले आईबाप निर्दोष असल्याचे पाहिले नव्हते. कदाचित बापाने प्रतिमेवर पाय ठेवलेला त्यांना ठाऊक असेल. पण त्याच बापाला देवापुढे क्षमा मागतानाही त्यांनी ऐकले असेल. जो स्वतः देवापुढे वाकतो त्याच्याजवळ बसून मूल वाकले, तर ती सक्ती होत नाही. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो. त्यांनी तो तीमथ्यावर लादला, असे तो लिहीत नाही. आणि मूल मोठे होऊन नको म्हणू लागले तर? त्याच्यावर जोर करू नये, आणि आपली प्रार्थनाही थांबवू नये. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला कोंडून ठेवले नाही, पण दारही लावले नाही.

दुसरा आक्षेप पाठांतराचा. प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात निरर्थक बडबडीविरुद्ध इशारा दिला हे खरे. पण त्याच अध्यायात, त्या इशाऱ्यानंतर लगेच, त्याने शिष्यांच्या मुखी ठरलेले शब्द दिले. वधस्तंभावर त्याच्या स्वतःच्या ओठांवर स्तोत्रांचेच शब्द आले. संकटाच्या वेळी नवे शब्द सुचत नाहीत. जे आधी मुखात बसलेले असते तेच वर येते.

तरीही ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तेही जपानच दाखवितो. बंदी उठल्यावर सर्वच कुटुंबे मंडळीत परत आली नाहीत. काहींनी पूर्वजांची रीत जशी होती तशीच पुढे चालविली. इकित्सुकी बेटावर ह्या परंपरेतल्या प्रार्थना आमच्या काळापर्यंत म्हटल्या गेल्या आहेत. त्यांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द इतके बदलून गेले आहेत की म्हणणाऱ्यालाही त्यांतल्या पुष्कळांचा अर्थ सांगता येत नाही. आम्ही त्यांना हसू नये. त्यांच्या पूर्वजांजवळ अर्थ सांगणारा कोणी उरला नव्हता; जेवढे हाती आले तेवढे त्यांनी प्राणपणाने सांभाळले. पण एवढे शिकावे की अर्थ सांगणारा नसला तर देवाची प्रार्थना हळूहळू पूर्वजांची आठवण होऊन बसते.

आपली स्थिती नेमकी उलटी आहे. आपल्या प्रत्येक घरात मराठी पवित्र शास्त्र आहे, गीतांचे पुस्तक आहे, अर्थ सांगणारे पाळक आहेत. उणीव आहे ती ठरलेल्या वेळेची आणि एकत्र बसण्याची. त्यांच्याजवळ भांडे होते, त्यातले पाणी आटत गेले. आपल्या अंगणात विहीर आहे आणि भांडे माळ्यावर पडले आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एक लहानसा हिशेब पालकांपुढे मांडावा. आठवड्याला एक तास धरला तर वर्षात मुलाला आपण बावन्न तास देतो. घरात रोज दहा मिनिटे प्रार्थना झाली तर वर्षाचे साठ तास होतात. म्हणजे ही दहा मिनिटे शब्बाथशाळेपेक्षा मोठी शाळा आहे. त्या दहा मिनिटांत एक गीत, शुभवर्तमानातला एक लहान भाग, त्याचा अर्थ मुलाच्या भाषेत दोन वाक्यांत, आणि प्रभूची प्रार्थना एवढे पुरे. शेवटी मुलाला आपल्या शब्दांत एक वाक्य बोलू द्यावे. ते शेळीसाठी प्रार्थना करील किंवा गणिताच्या पेपरासाठी. त्याला दुरुस्त करू नये. आणि घरातल्या वडिलांनी, ‘तुम्ही करा, मी आलोच’ असे म्हणून बाहेर राहू नये. मूल शब्दांपेक्षा त्या रिकाम्या जागेकडे अधिक पाहते.

आपली मुले पुढे काय निवडतील हे आपल्या हाती नाही, आणि असूही नये. पण ज्या दिवशी ती निवडतील, त्या दिवशी त्यांना प्रार्थनेचे शब्द माहीत असावेत, त्यांचा अर्थ माहीत असावा, आणि आपले आईबाप ते शब्द खरे मानीत होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे. एवढे ऋण आपण त्यांचे लागतो. ते फेडावयास आज संध्याकाळपासून आरंभ करता येईल.