पंखा बंद करणारे हात

पांडुरंगा, आज दहाला माझ्या डोळ्याला लेसर आहे. पहाटेपासून वारज्यातल्या या खिडकीशी बसून तुला हाक मारतेय. समोर हायवेवरच्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. काल संध्याकाळी ते पहिल्यांदा दिसलं, डोकं ठणकायला लागलं. तपासलं तर डोळ्याचा दाब 34. तो 21 च्या आत हवा. गोळी आणि थेंबांवर रात्र काढली.

उसाचं पातं लागून फूल पडलेला हा डोळा. त्यात दुसऱ्याचं बुबुळ बसवलं, 16 टाके घालून. आता सुजेनं बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटलीय आणि डोळ्यातलं पाणी तिथंच अडलंय. यॅग लेसरनं बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीकसं भोक पाडून डॉक्टर त्याला वाट करून देतील. भीती त्या भोकाची नाही, देवा. बुबुळाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी उपसत राहतो, म्हणून बुबुळ काचेसारखं राहतं. त्या पेशी गेल्या की नव्या येत नाहीत. वाढलेला दाब त्यांना मारतो, लेसरचा घाव फार जवळ बसला तरी त्या मरतात. आणि त्या माझ्या नाहीत.

कुणाच्या, ते सांगत नाहीत. पण कुठल्याशा घरात माणूस गेलं आणि काही तासांतच कुणीतरी फोन केला. रडता रडता पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सरकवली. त्या हातांचं देणं मी कुठं फेडू, विठ्ठला?

1905 साली युरोपातल्या ओलोमोउत्स गावी झिर्म नावाच्या डॉक्टरांनी चुन्यानं भाजलेल्या एका मजुराच्या दोन्ही डोळ्यांत एका मुलाचं बुबुळ बसवलं. एकाच डोळ्यातलं टिकलं. लेसर तेव्हा कुठला! मला तो मिळतोय, तरी आणखी मागतेय, रागावू नकोस.

यंत्रावर हनुवटी टेकली की मला हलू देऊ नकोस. डॉक्टरांचा नेम चुकू देऊ नकोस. मुठेपलीकडे, विठ्ठलवाडीत, आषाढीला याच डोळ्यानं तुझ्या कपाळावरचा बुक्का मला दिसला होता. मी बघत होते तेव्हा माझ्याबरोबर ते गेलेलं माणूसही तुझ्यासमोर उभं होतं, असंच मला वाटलं. त्याला एवढ्यात परत पाठवू नकोस. आणि त्याच्या घरच्यांना सांभाळ.

थेंब घालायची वेळ झाली. येते.