ताप कोणी सोसावा?

‘तप्’ म्हणजे तापणे किंवा तापवणे या एकाच संस्कृत धातूतून मराठीला तप आणि ताप असे दोन शब्द मिळाले. त्यांपैकी पहिल्याला आदर लाभला आणि दुसऱ्याच्या वाट्याला आजार, त्रास व उन्हाळा आला. सोसलेली उष्णता साधना केव्हा ठरते आणि निव्वळ पीडा केव्हा, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. अकोला आणि अमरावती या वऱ्हाडातील शहरांत, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नसते, घरातला संगणक रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवणाऱ्याला हाच प्रश्न आकड्याच्या रूपात पडतो: प्रोसेसरचे, म्हणजे संगणकातील मुख्य गणनचिपेचे, तापमान किती असले तर ते सुरक्षित म्हणावे?

संगणक असा अखंड राबवण्यामागे नेहमी स्वार्थच असतो असे नाही. विशिष्ट प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधणारा गिम्प्स हा १९९६ पासूनचा प्रकल्प, परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत धुंडाळणारा व १९९९ ते २०२० या काळात चाललेला सेटी अ‍ॅट होम, आणि प्रथिनांच्या घड्या कशा पडतात हे तपासणारा फोल्डिंग अ‍ॅट होम, हे तिन्ही प्रकल्प जगभरच्या घरगुती संगणकांनी विनामोबदला दिलेल्या गणनवेळेवर उभे राहिले. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा (१८७६–१९५६) आणि तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) जन्मले, तेथे अशा देण्याला श्रमदान हा शब्द सहज सुचावा. मात्र गाडगेबाबांच्या श्रमदानात खराटा आणि घाम एकाच माणसाचे होते, तर येथे दान मालकाच्या नावावर जमा होते आणि श्रम यंत्राच्या वाट्याला येतात. म्हणून ताप नेमका कोण सोसतो, हे वेगळे विचारावे लागते.

गणन आणि उष्णता यांची फारकत करता येत नाही. माहितीचा एक बिट पुसतानाही काही किमान उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, असे रॉल्फ लँडाउअर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले, आणि प्रत्यक्षातील चिपा या किमान मर्यादेच्या कितीतरी पट अधिक तापतात. ही उष्णता हीटसिंक, म्हणजे चिपेवर बसवलेला पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा, आणि त्यावरचा पंखा यांच्यामार्फत खोलीतील हवेत जाते. काम आणि पंख्याची गती कायम राहिली, तर चिप व खोली यांच्या तापमानांतील फरकही जवळपास कायम राहतो, त्यामुळे २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर ४३ अंशांच्या खोलीत ८३ अंशांच्या आसपास जातो. याचा अर्थ असा की सुरक्षित तापमान हा चिपेचा एकटीचा गुण नसून चिप, हवा आणि ऋतू यांच्यातील संबंध आहे, आणि डिसेंबरात निर्धास्त वाटणारी मांडणी मे महिन्यात काठावर येऊ शकते.

उष्णता पदार्थाचे नेमके काय करते, यावर भारतीय दर्शनांत एक सूक्ष्म वाद आहे. तेजाच्या संयोगाने पदार्थाचे गुण पालटणे याला ‘पाक’ म्हणतात. कच्चा घडा भट्टीत लाल होतो तेव्हा तो अणूंपर्यंत विघटित होतो, रंग अणूंत बदलतो आणि त्या अणूंपासून घडा पुन्हा घडतो, असे वैशेषिक मानतात. अणूला ‘पीलु’ म्हणत असल्याने हा पीलुपाकवाद होय. उलट, तेज घड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि अखंड घडाच पालटतो, असे नैयायिक म्हणतात. ‘पिठर’ म्हणजे मडके, म्हणून हा पिठरपाकवाद. या दर्शनांना आधुनिक पदार्थविज्ञान माहीत होते असा दावा करण्याचे कारण नाही, परंतु त्यांनी केलेला भेद चिपेच्या झिजेकडे पाहायला उपयोगी पडतो. चिपेतील अतिसूक्ष्म तारांमधून वाहणारा विद्युत्प्रवाह धातूचे अणू हळूहळू ढकलत नेतो, आणि तापमान वाढले की हे स्थलांतर वेगाने होते. ही झीज अणूंच्या पातळीवरची आहे. दुसरीकडे, वेगवेगळे पदार्थ तापून वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि पुन्हापुन्हा तापण्या-निवण्याने डाखकामाचे सांधे तडकतात. ही झीज घडणीची आहे. त्यामुळे सतत एकाच मध्यम तापमानावर चालणारे यंत्र क्षणात तापणाऱ्या व क्षणात निवणाऱ्या यंत्रापेक्षा निदान सांध्यांच्या बाबतीत सुखात असते, आणि अखंड काम म्हणजे अत्याचारच, हा समज टिकत नाही.

तरीही वरची मर्यादा उरतेच. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी ती १०० अंश आणि एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेकांसाठी ९५ अंश ठरवलेली आहे. चिपेत बसवलेले तापमापक ही मर्यादा जवळ आल्याचे सांगताच प्रोसेसर आपली गती आपणच उतरवतो, आणि एवढ्याने भागले नाही तर संगणक बंद पडतो. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, तर सतराव्या अध्यायात मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस ठरवले आहे. यंत्राला हट्ट नसतो, म्हणून त्याला तामस तप करताच येत नाही. मर्यादा आली की ते थांबते. हट्ट असतो तो चालवणाऱ्याला, आणि गीतेच्या व्याख्येतील ‘दुसरा’ कोण, हे शोधण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

हा दुसरा त्याच खोलीत असतो. सतत १०० वॅट वीज खाणारा संगणक २४ तासांत २.४ युनिट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो. तेवढी उष्णता केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने काढायची म्हटले, तर कूलरला रोज सुमारे साडेतीन लिटर अधिक पाणी आटवावे लागेल. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल खारट आहे आणि गोड्या पाण्याचे मोल प्रत्येक घराला ठाऊक आहे, साडेतीन लिटर हा दुर्लक्षिण्याजोगा आकडा नव्हे. शिवाय ९५ अंशांपर्यंत तग धरणाऱ्या चिपेच्या शेजारी ३७ अंशांभोवतीच जगू शकणारे शरीर झोपलेले असते. ते ४० अंशांच्या पुढे तापले तर उष्माघाताचा धोका उभा राहतो, आणि म्हातारपणी किंवा आजारपणात हा धोका ओळखून वेळीच बाजूला होण्याची ताकदही कमी होते.

यावर असा आक्षेप येईल की ज्ञानाच्या एवढ्या मोठ्या कार्यापुढे एका खोलीचा उकाडा क्षुल्लक आहे. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो त्याग करणारा आणि त्याग ज्याच्यावर लादला जातो तो, यांना एकच मानतो. स्वतः सोसलेला ताप तप होऊ शकतो. न विचारता दुसऱ्याला सोसायला लावलेला ताप, हेतू कितीही उदात्त असला तरी, तपाच्या नावाला पात्र ठरत नाही.

या निकषातून निघणारे आचरण साधे आहे. अखंड कामात प्रोसेसर ८० अंशांच्या आत राहील इतपतच भार द्यावा. अशा काही प्रकल्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या बॉइंक या प्रणालीत गणनाला किती टक्के वेळ द्यावा हे ठरवता येते, त्या सोयीचा उन्हाळ्यात उपयोग करावा. एप्रिल-मेच्या दुपारी काम थांबवावे आणि हिवाळ्यात ते भरून काढावे. संगणक कोणी झोपत नाही अशा खोलीत ठेवावा. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीबरोबर कापसाचे तंतूही अडकतात आणि उष्णतेची वाट बुजते, म्हणून यंत्र बंद करून ती पाती ठरावीक दिवसांनी झाडून काढावीत. अखंड गणनाच्या श्रमदानात माणसाच्या हाताने होणारा श्रम जवळपास एवढाच आहे, आणि गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तरी तो कमी प्रतीचा समजला जाऊ नये.